शेवटच्या रांगेच्या मागे

१

वायरकाकांना लांबचं दिसत नसे आणि वायरकाकूंना जवळचं. दोघांची मिळून एक चांगली नजर होत असे, आणि त्या एका नजरेवर त्यांचा धंदा चालला होता. धंदा प्रोजेक्टर भाड्याने देण्याचा. नुसता देऊन भागत नसे. तो घेऊन जायचा, मांडायचा, समोरच्याचा कॉम्प्युटर असो, व्हिडिओ प्लेअर असो, कॅमेरा असो, त्याला जोडून भिंतीवर चित्र आणून दाखवायचं आणि कार्यक्रम संपला की सगळं गुंडाळून घरी आणायचं. काकांच्या खांद्यावर कायम वायरींची वेटोळी असत, म्हणून ते वायरकाका. त्यांची बायको म्हणून त्या वायरकाकू. खरी नावं दारावरच्या पाटीवर होती, पण पाटी वाचून आत येणारं आता कुणी राहिलं नव्हतं.

कामाची पद्धत ठरलेली होती. आधी प्रोजेक्टर चालू करायचा, मग वायर जोडायची आणि कॉम्प्युटर सगळ्यात शेवटी. काका म्हणत, आधी त्याला नीट जागा होऊ द्यावं, मग त्याला काम सांगावं. तेवढं झालं की काकू आपली पिशवी उचलत, शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या खुर्चीत जाऊन बसत आणि तिथून सांगत.

"डावा कोपरा पुसट."

काका भिंगाची कडी किंचित फिरवत.

"आता उजवा गेला."

काका कडी किंचित मागे घेत.

"आता बरं आहे. तिरकं आहे पण."

मग प्रोजेक्टरच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी जाई आणि मागून आवाज येई, "राहू द्या आता." हे शब्द आले की काम झालं. घरी हेच शब्द काकांना दिवसभर वेगळ्या सुरात ऐकावे लागत, त्यामुळे हॉलमध्ये ऐकायला त्यांना विशेष गोड वाटत.

२

त्या रविवारी सकाळी एका मोठ्या सोसायटीची वार्षिक सभा होती. इमारतीच्या तळमजल्यावर नवा हॉल बांधला होता. भिंतींना अजून रंगाचा वास येत होता. हॉल फार मोठा नव्हता. पुढे टेबल, मध्ये खुर्च्या, मागे भिंत, आणि त्या भिंतीपलीकडे रहिवाशांच्या स्कूटर लावायची जागा. सामान उतरवतानाच काकांनी हे पाहून ठेवलं होतं. किती वायर लागेल याचा अंदाज ते चालता चालताच घेत.

वॉचमन पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडत होता. रहिवासी एकेक करून येत होते आणि पुढच्या रिकाम्या रांगांकडे ढुंकूनही न बघता तडक मागे जात होते.

"पुढे बसत नाहीत का हो कुणी?" काकांनी विचारलं.

"पुढे बसला की समितीत घेतात," वॉचमन म्हणाला. "गेल्या खेपेला एक साहेब चष्मा विसरले म्हणून पुढे बसले. तेव्हापासून पाण्याची टाकी तेच बघतात."

"मग पुढच्या रांगा मांडता कशाला?"

"पुढच्या नसल्या तर मागच्या कुठून येणार, काका?"

काकांना हे पटलं. त्यांनी खिडक्यांचे पडदे ओढले, वायर टेबलापासून प्रोजेक्टरपर्यंत सोडली आणि कुणी अडखळून पडू नये म्हणून ती चिकटपट्टीने जमिनीला बसवली. काकू पिशवी घेऊन मागे गेल्या.

३

सेक्रेटरी लॅपटॉप पोटाशी धरून आले, तान्हं मूल आणावं तसा. काकांनी वायर जोडली. भिंतीवर निळं आभाळ आणि हिरवी टेकडी आली. बाकी काही नाही.

"माझी फाईल कुठे गेली?" सेक्रेटरींचा चेहरा उतरला. "अध्यक्षांचा सगळा आढावा होता त्यात."

"फाईल तुमच्याच पडद्यावर आहे, साहेब. घाबरू नका. याला वाटतंय की आपल्याला शेजारी आणखी एक खोली मिळाली. तुमची फाईल या खोलीत आहे आणि भिंतीवर ती दुसरी खोली दिसते. रिकामी."

काकांना इंग्रजी वाचता येत नसे, पण खिडकीचं चित्र असलेलं बटण आणि त्याच्याबरोबर पी दाबलं की चार चित्रं येतात, एवढं त्यांना पाठ होतं. दुसरं चित्र म्हणजे जे इथे तेच तिथे. तिसरं चित्र म्हणजे जागा वाढवून देणं. काका प्रत्येक ठिकाणी न चुकता दुसरं दाबत. आताही त्यांचं बोट तिकडेच निघालं होतं. तेवढ्यात अध्यक्ष आले.

"थांबा, तिसरंच राहू द्या," अध्यक्ष म्हणाले. "भिंतीवर फक्त चित्रं दिसली पाहिजेत. माझी टिपणं मला इथे लॅपटॉपवर हवीत. ती लोकांना दिसता कामा नयेत."

काकांनी वाकून टिपणं पाहिली. जवळचं त्यांना स्वच्छ दिसे. पहिल्या चित्राखाली लिहिलं होतं, 'इथे थांबून पाणी पिणे.' दुसऱ्याखाली लिहिलं होतं, 'इथे हसणे.' ही लोकांना दिसू नयेत, हे काकांनाही पटलं.

तरी त्यांच्या मनाला ते बरं वाटेना. मागे एका कॉलेजात एकाने असंच गाणं वाढीव जागेत लावलं होतं आणि संपायच्या आत वायर उपटली होती. वायर निघाली की तिकडच्या वस्तू आपल्या आपण इकडे परत येतात. बहुतेक वेळा येतात. त्या दिवशी आलं नाही. गाणं वाजत राहिलं, पण पडद्यावर कुठे सापडेना. बाण नेऊन नेऊन काठापर्यंत जाई आणि तिथे अडे. शेवटी कॉम्प्युटरच बंद करावा लागला. गाणारी बाई पलीकडे कुठेतरी गातच होती, आणि आता ती तिथे अंधारात एकटी राहिली, असं काकांना कितीतरी दिवस उगाच वाटत राहिलं होतं.

४

"अगं, दिसतंय का?" काकांनी मागे वळून विचारलं. पडद्यांमुळे मागे अंधार होता, आणि लांबचं त्यांना उजेडातही दिसत नसे.

"दिसतंय. डावा कोपरा पुसट."

काकांनी कडी फिरवली.

"आता बरं आहे. पण थांबा, माझ्या मागे आणखी एक रांग आहे. तिथून बघते."

काकांनी मान डोलावली. हा काकूंचा नियमच होता. शेवटच्या माणसाला दिसलं म्हणजे सगळ्यांना दिसलं. शेवटून दुसऱ्या रांगेत बसून त्यांनी होकार दिला असता तर त्यांना घास गोड लागला नसता.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काकू म्हणाल्या, "इथून थोडं बारीक दिसतंय. आणि ही पण शेवटची नाही हो. थांबा."

"कुणीतरी जादा मांडल्या असतील."

"असतील. पण मांडल्यात तर कुणी बसेलही. बघायला नको का?"

काकांनी वाट पाहिली. पुढचा आवाज आला तो असा, जणू काकू जिना उतरून खाली गेल्या आहेत आणि तिथून बोलत आहेत.

"डावा कोपरा पुन्हा पुसट."

"अगं, जरा मोठ्याने बोल."

"मोठ्यानेच बोलतेय. घसा बसला माझा." मग जरा वेळाने, "थांबा हं. मागे आहे अजून."

"आता पुरे कर," काका म्हणाले. "ये पुढे."

"काम अर्धवट टाकून?"

आयुष्यभर काकांनीच त्यांना हे शिकवलं होतं.

५

वॉचमन डोकं खाजवत आला. "काका, खुर्च्या तुम्ही आणल्यात का?"

"मी वायरी आणतो."

"मग या कुणाच्या? मी मांडल्या त्या पांढऱ्या. त्यांच्या मागे लोखंडी आहेत, घडीच्या. सोसायटीत लोखंडी खुर्ची एकसुद्धा नाही."

"आणि माणसं?"

"माणसांचं काय, मागे जागा दिसली की सरकणारच. सगळी सभा तिकडे गेली. पांढऱ्या खुर्च्या सगळ्या रिकाम्या पडल्यात."

काका बाजूच्या दाराने बाहेर गेले. बाहेर लख्ख ऊन होतं. हॉलला वळसा घालून ते मागे आले. तिथे भिंत होती, जिथे असायला हवी तिथेच. तिला टेकून स्कूटर ओळीने उभ्या होत्या. काकांनी भिंतीला हात लावला. भिंत उन्हाने तापली होती. त्यांनी कान लावला. आतून अध्यक्षांचा घसा साफ केल्याचा आवाज आला, अगदी स्पष्ट. काकू कुठेच ऐकू आल्या नाहीत. या भिंतीला पाठ लावून आत आपली बायको बसलेली असायला हवी, असं काकांनी स्वतःला समजावलं. ते तसेच क्षणभर उभे राहिले, हात भिंतीवर ठेवून. एका मुलीने स्कूटर काढायला जागा मागितली तेव्हा ते भानावर आले.

आत येताना त्यांनी कारण शोधून काढलं. काकूंचा मोतीबिंदू. डॉक्टर म्हणालेच होते की अंधारात वस्तू लांबल्यासारख्या दिसतील. डॉक्टर असं म्हणाले होते का, हे त्यांना नक्की आठवेना. पण म्हणाले असतील, असं त्यांनी ठरवून टाकलं. आवाज लांबल्यासारखा का येतो हे डॉक्टरांना विचारायचं राहून गेलं, एवढंच.

६

सभा सुरू झाली. अध्यक्ष पहिल्या चित्राशी थांबून पाणी प्यायले. दुसऱ्या चित्राशी, लिफ्टच्या नव्या दारापुढे उभं राहून, ते ठरल्याप्रमाणे हसले. पुढे हसायला कुणी नव्हतंच. मग बऱ्याच वेळाने मागून हसू आलं. हळूहळू येत गेलं, एका रांगेतून दुसऱ्या रांगेत पोचत असल्यासारखं, आणि संपता संपेना. त्या सोसायटीत राहत होती त्याहून कितीतरी जास्त माणसं हसत होती.

"उपस्थिती चांगली आहे," अध्यक्ष खूश होऊन सेक्रेटरींच्या कानात म्हणाले.

सेक्रेटरींचं लक्ष नव्हतं. "वायरकाका," ते हलक्या आवाजात म्हणाले, "बॅटरी लाल झाली हो."

"चार्जर लावा."

"चार्जर घरी राहिला."

"वरच तर घर आहे. घेऊन या."

"घराला कुलूप आहे. किल्ली बायकोकडे, आणि बायको मागे बसली आहे."

"फोन करा त्यांना."

सेक्रेटरींनी फोन कानाला लावला, ऐकला आणि खिशात ठेवला. "संपर्क क्षेत्राच्या बाहेर म्हणतोय. रागावली की असंच करते."

लॅपटॉप बंद पडला म्हणजे वायर उपटल्यासारखंच. वाढीव जागा गेली. तिकडच्या वस्तू इकडे येतील, बहुतेक वेळा येतात. त्या 'बहुतेक'वर काकांनी आजवर लोकांच्या फायली सोपवल्या होत्या. बायको सोपवायला मन होईना. दुसरं चित्र दाबावं का? जे इथे तेच तिथे. पण मग इथे कोण आणि तिथे कोण? त्यांनी उचललेलं बोट मागे घेतलं.

"अगं," त्यांनी मागे हाक मारली. "ये आता. बॅटरी चालली."

उत्तर आलं की नाही ते कळलं नाही. आलं असलंच तर ते इतकं लहान होतं की प्रोजेक्टरच्या पंख्याच्या घरघरीत बुडून गेलं.

"वायरीला हात लावू नका," त्यांनी वॉचमनला बजावलं, "आणि कुणाला लावू देऊ नका." आणि ते निघाले.

७

पांढऱ्या खुर्च्या लगेच संपल्या. मग लोखंडी लागल्या. त्यात सोसायटीची माणसं बसली होती, निवांत, हाताची घडी घालून. भिंतीवरच्या चित्राचा उजेड त्यांच्या चेहऱ्यांवर पडला होता. एक बाई शेजारणीला सांगत होत्या की किल्ली त्यांच्याकडे आहे आणि मुद्दामच दिलेली नाही. काकांनी ओळखलं, या सेक्रेटरींच्या.

"वहिनी, पुढे चला. बॅटरी जातेय."

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "म्हणजे आढावा थांबेल."

काका पुढे गेले, म्हणजे मागे गेले. लोखंडी खुर्च्यांनंतर लाकडी आल्या. मग वेताच्या. तसल्या खुर्च्या काकांनी तरुणपणी एका हॉलमध्ये पाहिल्या होत्या. तो हॉल पाडून त्या जागी दुसरं काहीतरी झालं होतं आणि तेही पाडलं होतं. इथल्या माणसांपैकी कुणालाच ते ओळखत नव्हते. माणसं मात्र सभ्य होती. काका आले की गुडघे आखडून वाट देत होती, नजर समोरून न काढता. एकाने तर त्यांचं घसरलेलं वेटोळं उचलून पुन्हा खांद्यावर ठेवलं. त्याचा हात फार गार होता, पण हॉलमध्ये पंखे जोरात असले की होतं असं.

"अगं," ते दर थोड्या वेळाने म्हणत होते.

"इकडे. या, पाय जपून टाका."

काकू सगळ्यात मागच्या बाकाच्या टोकाला बसल्या होत्या, पिशवी मांडीवर घेऊन. काकांना त्या हाताच्या अंतरावर आल्यावर दिसल्या. त्यांच्या जिवात जीव आला.

"इतक्या लांब कशाला येऊन बसायचं?"

"शेवटची रांग ही. आता मागे काही नाही. आणि तुम्हाला सांगते, इथूनसुद्धा स्पष्ट दिसतंय. असा फोकस तुम्ही आजवर कधी लावला नव्हता."

काकांना मनातून बरं वाटलं. पण ते म्हणाले, "ऊठ. आधी पुढे चल."

काकू उठल्या, दोन-तीन रांगा चालल्या आणि गुडघा धरून थांबल्या.

"तुम्ही व्हा पुढे. मी येते मागून."

"तसं नको."

"का? बॅटरीच जाणार ना? तुम्ही तिथे नसलात तर तो सेक्रेटरी वायर ओढेल, पिना वाकवील. तुमची ती चांगली वायर आहे."

काकांनी पुढे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांना तिथे फक्त एक पांढुरका ठिपका दिसत होता. पळत गेले तर एकटे पोचले असते. काकूंना घेऊन पोचणं शक्य नव्हतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"वायर गेली खड्ड्यात," काका म्हणाले. लग्न झाल्यापासून वायरीबद्दल असं ते पहिल्यांदाच बोलले. काकू चपापून त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग दोघं हळूहळू परत फिरली आणि त्या शेवटच्या बाकावर शेजारी शेजारी बसली. काकूंनी पिशवी उचलून काकांसाठी जागा केली. तेवढ्यात भिंतीवरचं चित्र गेलं.

८

अंधार झाला, पण पुरता नाही. समोर लांबवर ठिपका होता तसाच होता.

"गेलं ना चित्र?" काकांनी विचारलं.

"आपलं गेलं. दुसरं आलंय." काकूंनी डोळे बारीक केले. "हॉलच आहे. पडदे उघडलेत कुणीतरी. माणसं उठून चाललीत. सेक्रेटरीची बायको किल्ली हातात देतेय, तोंड वाकडं करून."

"म्हणजे पोचली ती."

"पोचलेली दिसतेय. पण ती इथेही आहे, त्या पलीकडच्या रांगेत. मघाशी शिंकली."

काकांनी विचारलं, "आणि आपला प्रोजेक्टर?"

"आहे. तो गार होईपर्यंत पंखा फिरू दिलात तुम्ही. आता वायर गुंडाळताय."

"मी?"

"तुम्हीच. आणखी कोण अशी उलटी गुंडाळतं?"

काका आपल्या दोन्ही हातांकडे बघत बसले. हात मांडीवर होते. जवळचं त्यांना स्वच्छ दिसे. "आणि तू?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"मी शेजारी उभी आहे. पिशवी घेऊन. कंटाळलेय." काकूंनी मांडीवरची पिशवी चाचपून पाहिली. मग त्या म्हणाल्या, "आपण निघालो, अहो. दारात वळून तुम्ही माझ्या हातातलं ओझं घेतलंत. हे मात्र मला खरं वाटत नाही."

काकांना हसू आलं. हसताना त्यांच्या लक्षात आलं की आपण काकूंचा हात घट्ट धरला आहे आणि तोही काही कमी गार नाही. पंख्यांमुळेच. पंखे कुठे दिसत नव्हते, पण लांबचं त्यांना दिसत नसेच.

"या बाकामागे काही नाही ना?" त्यांनी विचारलं. "नक्की बघितलंस?"

"बघितलं की. भिंत आहे. मी पाठ टेकून बसले होते."

तेव्हा त्यांच्या मानेशी, अगदी जवळून, कुणीतरी खाकरलं.

"माफ करा," मागचा माणूस नम्रपणे म्हणाला. "जरा डोकं बाजूला घेता का? आम्हाला कुणालाच दिसत नाहीये."

काका वळणार होते. काकूंनी त्यांना वळू दिलं नाही. त्यांनी हात वर करून काकांचं डोकं हळूच आपल्या खांद्यावर ओढून घेतलं, आणि मागच्या सगळ्यांना नीट दिसावं म्हणून दोघंही जरा खाली सरकून बसली.